गोलात नाचणाऱ्याला ‘समोर’ नसतं

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एस.टी.तला निवृत्त वाहक. नोकरीची बहुतेक वर्षं अक्कलकुवा आगारात गेली. २०१६ साली निवृत्त झालो, आता शहाद्यात मुलाकडे राहतो. आंतरराष्ट्रीय नृत्य दिनाच्या निमित्ताने २७ एप्रिलच्या रविवार पुरवणीत आपण पानभर लेख छापलात. छायाचित्रं सुरेख होती. पण लेखाचा सूर असा होता की नृत्य मंदिरात जन्मलं, शास्त्राने ते घडवलं आणि खेड्यापाड्यांतले नाच म्हणजे त्याचंच ओबडधोबड रूप. नुसता लेख असता तर कदाचित मी पेन उचललं नसतं. पण हाच विचार जानेवारीत मी एका स्टेजवर पाहिला, आणि तिथे त्यापायी चौदा मुलांचे गुण कापले गेले.

जानेवारीत आमच्या भागात शाळांच्या समूहनृत्याची स्पर्धा झाली. कुणी भरवली, कुठे भरवली हे लिहीत नाही. मला कुणाला उघडं पाडायचं नाही, एक नियम बदलून हवा आहे. स्पर्धेला एका आश्रमशाळेची मुलं आली होती, सात मुलगे, सात मुली, सगळी सातवी-आठवीतली. ढोल वाजवणारा पोरगा म्हणजे माझ्या जुन्या ड्रायव्हर जोडीदाराचा नातू, म्हणून मी मुद्दाम गेलो होतो. मुलं आली, ढोलवाला मध्ये उभा राहिला, बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरले आणि फेर सुरू झाला. दोन फेऱ्यांत स्टेजच्या फळ्या घुमायला लागल्या. मंडपाच्या कडेला पाण्याचे जार लावणारा माणूस हातातलं काम सोडून पायाने ठेका धरत होता. मी स्वतः खुर्चीत नीट बसू शकलो नाही.

निकालात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. नंतर त्यांच्या सरांनी गुणांचा कागद दाखवला. ‘ताल’ या रकान्यात चांगले गुण होते. ‘रंगमंचाचा वापर’ यात शून्य. ‘चेहऱ्यावरील भाव’ यात दहापैकी दोन. खाली शेरा होता: प्रेक्षकांकडे सतत पाठ.

पहिलं बक्षीस मिळालं तेही ‘आदिवासी नृत्य’च होतं. तीन रांगा, पेन ड्राइव्हवरचं गाणं, आणि मुलींच्या कमरेला हिरव्या प्लास्टिकच्या पानांचे घागरे. त्या मुलींनी मेहनत केली होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी एकतीस वर्षं सातपुड्यात गाडीबरोबर फिरलो. पानांचा घागरा घातलेली बाई मला एकदाही भेटली नाही. तो पोशाख भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात जन्मतो आणि तिथेच परत जातो.

परतताना नातवाने आजोबांना विचारलं, “आजा, मग आम्ही तोंड कुठे करायला पाहिजे होतं?” माझा जोडीदार बोलका माणूस, देवगोईच्या घाटात गाडी चढवताना अखंड बोलायचा. त्या दिवशी तो काही बोलला नाही. पोराला उत्तर मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

गोल नाच आतून कसा दिसतो ते मला एका मुक्कामी गाडीने शिकवलं. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, रात्री गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. मोलगीच्या पुढे एका पाड्यावर आमचा मुक्काम असे. साल १९९१ असावं, थंडी सरत आली होती. पाड्यावर लग्न होतं. रात्री दहाला ढोल सुरू झाला आणि झोपेची आशा सोडून मी शेकोटीपाशी जाऊन बसलो. बाहेरून पाहताना मला वाटलं, हे काय, सगळे तेच तेच पाऊल टाकतायत, एक पुढे, दोन मागे, थोडं झुकायचं, परत. तासाभराने एका म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि मला आत ओढलं.

आत गेल्यावर सगळंच बदललं. बाहेरून मला फक्त पाठी दिसत होत्या. आतून सगळ्यांचे चेहरे दिसायला लागले, आणि सगळ्यांना माझा. माझं पाऊल चुकलं की डाव्या हाताच्या माणसाला आधी कळायचं, तो हात किंचित दाबायचा, पुढच्या ठोक्याला मी जागेवर. कुणी थकून बाहेर पडलं की दोन्ही शेजारी एकमेकांचा हात पकडायचे आणि फेर बुजायचा. कुणी नवीन आलं की फेर तेवढा मोठा व्हायचा. दोन-तीन वर्षांचं पोर आईच्या कडेवर होतं, तेही त्याच फेरात. पहाटे चारला मी गाडीत आलो तेव्हा माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि मला घरच्यासारखं वाटत होतं. त्या पाड्यावर मला तोवर फक्त ‘कंडक्टर’ म्हणत. दुसऱ्या दिवसापासून ‘भाऊ’ म्हणायला लागले.

असं फेरात येणं मला अगदीच नवं होतं असंही नाही. माझं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठचं. मार्गशीर्षात आमच्या बाजूचे कोकणा आणि भिल्ल लोक डोंगऱ्या देवाला बसायचे. भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंग लावून केलेली पावरी वाजायची आणि भाये, म्हणजे देवाला बसलेले पुरुष, तिच्या सुरावर गोल नाचायचे. आम्हा पोरांना रात्री तिथून कान धरून घरी आणावं लागे. श्रावणात कानबाई देवी उठायची, म्हणजे विसर्जनाला निघायची, त्या सोमवारी तर सगळं गाव रस्त्यावर. मी लाजून भिंतीला टेकून उभा असायचो. माझी माय म्हणायची, “तुना पाय उसना आणेल शेतस का रे?” ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तुझे पाय उसने आणले आहेत का, की वापरायला जीव जातोय? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी गौराईची गाणी म्हणत फेर धरायच्या, झोका, फुगडी, झिम्मा. यंदा नृत्य दिनाच्या दुसऱ्याच दिवशी आखाजी होती. आपल्या पुरवणीत तिचा उल्लेख असता तर बरं वाटलं असतं.

आता उगमाबद्दल. निवृत्तीनंतर मी वाचनालयात रोज तीन तास बसतो. नाचाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, कारण १९९१च्या त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

पहिला नाच कुणी केला हे कुणी सांगू शकणार नाही. नाच मागे हाड ठेवत नाही, दगडाचं हत्यार ठेवत नाही. फार तर पायाचा ठसा, आणि त्या ठशाचीही एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये तुक दोदुबेर नावाची गुहा आहे. तिच्या अगदी आतल्या टोकाला चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीचे दोन बायसन, म्हणजे रानगवे, घडवून ठेवले आहेत. शेजारच्या मातीत माणसांच्या टाचांचे ठसे आहेत, फक्त टाचांचे. बरीच वर्षं अभ्यासक म्हणत आले की इथे वयात येणाऱ्या मुलांनी टाचांवर काही विधीचा नाच केला असणार. मग २०१३ साली नामिबियातून सान समाजाचे तीन मागकाढे तिथे नेले. वाळूत उमटलेल्या पावलावरून जनावराचं वय सांगणारी ती माणसं. त्यांनी ठसे वाचले आणि सांगितलं की हा नाच वाटत नाही, एक मोठा माणूस आणि एक तरुण पोरगा इथून माती उचलून नेत होते.

मला ही हकीकत फार आवडते. या सान लोकांचा स्वतःचा नाच कालाहारीच्या वाळवंटात रात्री शेकोटीभोवती होतो. बाया विस्तवाला धरून गोल बसतात, टाळ्या वाजवतात, गातात. पुरुष त्यांच्याभोवती फिरतात, आणि आजाऱ्याला बरं करण्याची शक्ती त्या नाचातून जागी होते असं ते मानतात. रात्रभर फिरून फिरून वाळूत गोल चर पडतो. म्हणजे नाचाचा माग कसा दिसतो हे त्या तिघांना आयुष्यभराच्या सवयीने ठाऊक होतं. गुहेतले ठसे ओळखायला नाचणाऱ्यांना बोलवावं लागलं. आमच्या स्पर्धेत परीक्षकांच्या शेजारी एखादा ढोलवाला म्हातारा बसवला असता तर तो शेरा लिहिला गेला असता का?

आपल्याकडचा पुरावाही फार लांब नाही. भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटका. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकरांनी तिथली शैलाश्रयं शोधली, २००३ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. त्या खडकांवर नाचणारी माणसं आहेत, एकामागे एक, ढोल वाजवणारे आहेत. महेश्वरसमोर नर्मदेच्या दुसऱ्या काठाला नावडातोलीला डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरं निघाली, आणि त्यांवर हातात हात घालून नाचणारी माणसं रंगवलेली आहेत. ही भांडी पाण्याची, धान्याची, रोजच्या वापरातली. कुंभाराला भांड्यावर काय काढावं असा प्रश्न पडला तेव्हा त्याला फेर सुचला. भांडं गोल, फेरही गोल, त्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. मोहेंजोदडोची नर्तकी सगळ्यांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकात तिचं चित्र असतं. साडेदहा सेंटिमीटरची ब्राँझची मुलगी, कमरेवर हात. पण ती उभी आहे. नाच मला नावडातोलीच्या खापरावर जास्त दिसतो.

बाळाला नाच कोण शिकवतं? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच महिने ते दोन वर्षांच्या सुमारे १२० बाळांना संगीत, नुसता ठेका आणि माणसाचं बोलणं ऐकवलं. बोलण्यापेक्षा ठेक्यावर ती जास्त हलली. ज्यांच्या हालचाली ठेक्याशी जुळल्या ती हसलीही जास्त. माझी नात आठ महिन्यांची असताना दारावरून बँड गेला की पाळण्यात उसळायची. हे कुठल्याच मंदिरात शिकवलेलं नाही.

आणि प्राण्यांची नक्कल करणारे नाच. १८३६ साली चार्ल्स डार्विन ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात उतरला तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांचा रात्रीचा नाच त्याने पाहिला. एका नाचात प्रत्येकाने हात वाकवून एमू पक्ष्याची मान केली होती असं त्याने लिहून ठेवलंय. हे वाचताना मला आमची होळी दिसली. काठी गावच्या राजवाडी होळीला आमच्या आगारातून जादा गाड्या सुटायच्या, टपावर ढोल बांधलेले असायचे, त्यांचं लगेज मी नियमाप्रमाणे फाडायचो. बुध्या, म्हणजे नवस करून होळीला नाचणारा. त्याच्या अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर बांबूच्या कामट्या आणि मोरपिसांचा उंच टोप. तो चालला की भोपळे खडखडतात आणि टोप डोलतो. माझ्या जोडीदाराने नवस केला होता, त्या वर्षांत होळीच्या आधी तो रजा टाकायचा. खाटेवर बसायचं नाही, चप्पल घालायची नाही, आंघोळ नाही. हा सगळा नेम नाचासाठी. असा माणूस नाचायला उतरतो तेव्हा तो कुणासमोर ‘सादर’ करत नसतो.

शास्त्राचा मला अनादर नाही. उलट, लेख लिहिणाऱ्यांनी शास्त्र पुरतं उघडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी विचारतात, नाट्याला अर्थ आहे, पण नृत्त, म्हणजे अभिनयाशिवायचा नुसता नाच, कशासाठी? उत्तर असं की नृत्ताला कुठल्या अर्थाची गरज नाही, ते शोभा आणतं, लोकांना ते स्वभावतःच आवडतं, आणि लग्न, जन्म अशा आनंदाच्या प्रसंगी ते होतं म्हणून ते मंगल मानलं जातं. म्हणजे भरतांनी ग्रंथ रचला तेव्हा लोक आधीपासून लग्नात नाचत होते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्याच अध्यायात समूहाने नाचायच्या रचना आहेत, त्यांतल्या एकीचं नावच ‘शृंखला’. साखळी! देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातली परंपरा सांगते की पार्वतीने लास्य, म्हणजे नाजूक, कोमल नाच, बाणासुराच्या मुलीला, उषेला शिकवलं, तिने द्वारकेच्या गोपींना, त्यांनी सौराष्ट्रातल्या बायांना, आणि त्यांच्याकडून ते देशोदेशीच्या बायांकडे गेलं. बाईकडून बाईकडे, हातातून हातात.

खान्देशच्या लोकांना तर आणखी एक नाव माहीत असायला हवं. पुंडरीक विठ्ठल. मूळचा कर्नाटकातला पंडित, सोळाव्या शतकात बुऱ्हाणपूरला फारुकी सुलतान बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला आला आणि ‘सद्रागचंद्रोदय’ हा रागांवरचा ग्रंथ लिहिला. पुढे तो उत्तरेत गेला आणि ‘नर्तननिर्णय’ लिहिला. त्यात तो नाचाचे दोन भाग करतो, नियमांत बांधलेला तो बंध आणि मोकळा तो अनिबंध. दोन्हींना ग्रंथात जागा आहे. एकाच्या फूटपट्टीने दुसरा मोजलेला नाही. हा माणूस आपल्या खान्देशच्या दरबारात होऊन गेला. आमच्या शाळांच्या भिंतींवर त्याचं नाव कुठे दिसत नाही.

२०१८ साली जोडीदार आणि मी बाघची लेणी पाहायला गेलो. खेतिया, पानसेमल, बडवानी, कुक्षी, असं गाड्या बदलत. (मध्य प्रदेशात सरकारी एस.टी. २००५ सालीच बंद झाली. दोन एस.टी.वाले खासगी गाड्यांतून, उभ्याने, धक्के खात नर्मदा ओलांडत होते, याचं आम्हा दोघांनाही फार वाईट वाटलं.) बाघच्या लेण्यांतली चित्रं पाचव्या-सहाव्या शतकातली, अजिंठ्याच्या जातकुळीची. भिंतीवर आता फारसं उरलेलं नाही, चित्रांचे तुकडे काढून संग्रहालयात ठेवलेत. नंदलाल बोस वगैरे कलावंतांनी १९२१ साली नकला करून ठेवल्या म्हणून मूळ कसं होतं ते कळतं. त्यात बायांचा फेर आहे. कुणाच्या हातात टिपऱ्या, कुणाकडे टाळ, एकीकडे मृदंग, मध्ये एक नाचणारा. जुन्या ग्रंथांत ज्या फेराच्या नाचाला हल्लीसक म्हणतात तो हाच, असं जाणकार सांगतात. माझा जोडीदार त्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “यांचा ढोलवालाही फेरातच आहे.” दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारापुढे सपाट भिंत होती. त्याला बायांना ओळीने उभं करणं सोपं गेलं असतं. त्याने फेरच काढला.

मग नाचाला ‘समोर’ आलं कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे बसून पाहणारा आला तेव्हा. ग्रीक लोकांचा ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे मुळात वाद्यवृंद नव्हे, नाचायची जागा. एपिडॉरसच्या नाट्यगृहात ती आजही आहे, पूर्ण गोल, आणि प्रेक्षक तिच्या निम्म्याहून जास्त भोवती बसायचे. नाचणाऱ्यांचा जथा तिथे फिरायचा. आपल्याकडेही ‘नट’ हा शब्द ‘नृत्’ म्हणजे नाचणे या धातूच्या प्राकृत रूपातून आला असं मानतात, म्हणजे आपलं नाटकही नाचातूनच निघालं.

युरोपातल्या बॅलेची सुरुवात राजवाड्यातली. १५८१ साली पॅरिसमध्ये राणीने एका लग्नानिमित्त मोठा बॅले करवला. तेव्हाही तो दालनाच्या मध्यभागी झाला, तीन बाजूंनी प्रेक्षक, वरच्या सज्जांतही प्रेक्षक, त्यामुळे नाचणारे जमिनीवर वर्तुळं नि चौकोन काढत, वरून रांगोळी दिसावी तसे. चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली. तो स्वतः नाचायचा, चौदा वर्षांचा असताना सूर्यदेव बनून नाचला, आणि ‘सूर्यराजा’ ही त्याची प्रतिमा तिथून रुजली. पुढे बॅले पडद्याच्या चौकटीत, उंच मंचावर गेला आणि सगळी शरीरं एका दिशेला उघडली. आपल्या भरतनाट्यममध्येही १९३०च्या दशकात असाच बदल झाला. पूर्वी वादक नर्तकीच्या मागे उभे राहून तिच्याबरोबर पुढे-मागे सरकायचे. मद्रासला १९३६ साली कलाक्षेत्र सुरू करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यांना मंचाच्या एका बाजूला बसवलं. स्टेजच्या नाचाला हे सगळं शोभतं. मी धुळ्याला भरतनाट्यमचा कार्यक्रम पाहिला आहे. त्या मुलीच्या डोळ्यांतून कृष्ण दिसला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे चेहरा दिसायलाच हवा. म्हणून तोच नियम फेराला लावायचा का?

जगात आजही फेर धरणारे थोडे नाहीत. स्पेनच्या कॅटालोनियात गावच्या चौकात सार्दाना नाचतात, पिशव्या, कोट सगळं मध्ये जमिनीवर ठेवतात आणि हात वर धरून भोवती फेर. येणारा-जाणारा कुणीही हात सोडवून आत शिरू शकतो. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी कापोएरा घडवला, अर्धा नाच, अर्धी कुस्ती. भोवती गोल करून बाकीचे टाळ्या देतात, गातात. १८९० साली तिथल्या सरकारने त्याला गुन्हा ठरवलं. २०१४ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं ते कापोएराच्या त्या वर्तुळाला. हवाई बेटांवर १८३० साली हुला नाचावर बंदी आली, आणि कलाकौआ राजाने १८८३च्या आपल्या राज्याभिषेकात तो उघड नाचवून घेतला. नुसती नावं घेत बसलो तर आपली पुरवणी भरेल.

एकाच नाचाबद्दल थोडं जास्त लिहितो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत १८८९ साली वोवोका नावाच्या पायूट माणसाला दृष्टान्त झाला. हात धरून गोल नाचा, मेलेले आप्त परत भेटतील, गेलेले गवे परत येतील. जमिनी गेलेल्या, गव्यांचे कळप गोळ्या घालून संपवलेले, अशा काळातली ही गोष्ट. हा नाच टोळ्याटोळ्यांत पसरला. सरकारला त्याची भीती वाटली. २९ डिसेंबर १८९० ला वुंडेड नी इथे लष्कराने लकोटा लोकांची छावणी घेरली, गोळीबार झाला आणि दोनशेच्या वर माणसं गेली, त्यांत बाया आणि पोरं खूप. ज्या रात्री मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या इथेही धरणाने उठवलेले नर्मदाकाठचे पाडे मी पाहिले आहेत. त्यांची माणसं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली. त्यांचं सामान आमच्या टपावरून जायचं आणि त्यात ढोल असायचा. घराचे वासे मागे राहिले असतील, ढोल राहिला नाही.

संपादक साहेब, माझं मागणं छोटं आहे. शाळांच्या स्पर्धांत फेराच्या नाचासाठी ‘प्रेक्षकांकडे पाठ’ हा दोष धरू नये. जमलं तर अशा नाचासाठी मुलांना स्टेजवर चढवूच नये. प्रत्येक शाळेला मैदान असतं. चुन्याने एक गोल आखावा, भोवती सगळ्यांनी बसावं, परीक्षकांनी हवं तर फिरून पाहावं. ढोल वाजवणारा पोरगा असेल तर त्याला वाजवू द्यावं, पेन ड्राइव्हची सक्ती नको. सात मिनिटांची अटही जरा सैल करावी, कारण फेर गरम व्हायलाच पाच मिनिटं लागतात. आणि परीक्षक नेमताना तिघांत एक माणूस असा असावा जो त्या फेरात स्वतः नाचलेला आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत अशी माणसं गावोगाव मिळतील. जळगावकडे बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी नाचणारी आहेत, चोपडा-यावलकडे होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात नाचणारे पावरा आदिवासी आहेत. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि त्यांचं ऐकावं.

आपणही पुढच्या नृत्य दिनाला एखादा वार्ताहर मोलगी किंवा पिंपळनेरकडे पाठवावा. फोटो काढायचा झाला तर फेराच्या आत उभं राहून काढावा. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात.

आश्रमशाळेची ती मुलं पुढच्या स्पर्धेत पुन्हा नाव देणार आहेत. त्यांच्या सरांशी परवाच बोललो. स्पर्धेच्या लाकडी फळ्यांवर ढोल एका बाजूने बसका वाजत होता, ते नातवाच्या मनाला लागलंय. पावसाळा लागण्याआधी नवं कातडं चढवायला म्हणून तो आणि त्याचा आजा ढोल घेऊन मोलगीला गेले आहेत. गाडीत जागा नव्हती, ढोल टपावरच गेला.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहक, अक्कलकुवा आगार
मुक्काम शहादा, जि. नंदुरबार
५ मे २०२५